नव्या रंगाचा संशय

कुणाच्याही घरात शिरले की चाचा आधी चपला काढत, मग उजव्या हाताचा तळवा भिंतीवर ठेवत आणि त्यानंतरच घरमालकाला सलाम करत. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तो तळवा असायचा. थोडा वेळ तसेच उभे राहत. मग बोटं नाकाशी नेऊन वास घेत आणि मान न वळवता विचारत, "रंग नवा हाय. कामून?"

कामून म्हणजे कशासाठी. एवढा एकच शब्द, पण नांदेडातले घरांचे दलाल त्याला टरकून असत. दिवाळी नाही, ईद नाही, घरात लग्न निघालेलं नाही आणि घर तर विकायचं आहे; मग रंग कशासाठी? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा विकणारा मी फारसा पाहिला नाही.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, मूळचा बिलोली तालुक्यातला. बदली होऊन नांदेडला आलो तेव्हा ज्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहिलो, तिथं आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली होती. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. चाळीस वर्षं त्यांनी घरं रंगवली होती. बायको वारलेली. दोन मुली, एक निजामाबादला दिलेली, एक परभणीला. उंच, पाठीत वाकलेले, सत्तरीच्या आसपासचे. नखांच्या कडेला पांढरा रंग कायमचा बसलेला. काम त्यांनी सोडलं होतं. पण कुणी घर घ्यायला निघालं की चाचांना बरोबर न्यायचं, अशी आमच्या भागात रीतच पडली होती. त्याचे ते काही घेत नसत. विकणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा पीत नसत.

"चहा पिला की जीभ जड होती, गुरुजी," म्हणायचे.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो ते आमच्या शाळेतल्या एका सरांसाठी. घर छान होतं. हवेशीर, समोर जागा. स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं होतं, तेही खाली, ओट्याच्या बाजूला, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चाचा मात्र त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि मालकाकडे बघून अतिशय अदबीनं म्हणाले, "साहेब, तारीख माणूस डोळ्यानं बघतो. गुडघ्यानं बघणारं तुमच्या घरात कोण हाय?"

मालक हसला. चाचांनी कॅलेंडर उचललं. मागं भिंतीला खार फुटला होता, पांढरा, पापुद्रे सुटलेला. बोट लावलं तर भुसा झाला. पलीकडच्या बाजूला मोरी होती आणि तिचं पाणी कित्येक वर्षं भिंतीत मुरत होतं. मालकाचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, पुसायचं विसरल्यासारखं.

भर दुपारी बाराला उदबत्ती लावलेलं घर त्यांना आवडत नसे. "देवाची येळ न्हाई ही. वासाला वास मारून राहिले हे." पाणी यायच्या दिवशी दलालानं घर दाखवलं तर ते मुद्दाम दोन दिवसांनी, न सांगता परत जात. घरातले सगळे नळ एकदम सोडत. संडासात बादली ओतून घड्याळ बघत. फरशीवर तांब्याभर पाणी टाकून ते कुणीकडं पळतं ते बघत आणि बायाबापड्यांच्या शिव्या खात. घर बघून झालं की आपण निघतो, पण त्यांचं खरं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं बसायचं. नदीकडच्या भागातलं घर असेल तर त्या घराकडं बघायचंच नाही, समोरच्या घराच्या भिंती बघायच्या. "इकणारा आपली भिंत रंगवतो. शेजाऱ्याची कशाला रंगवंल?" एकदा अशाच एका समोरच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला मातीची फिकट रेघ दिसली. गोदावरी कुठपर्यंत आली होती ते त्या रेघेनं सांगितलं. आम्ही दलालाचा निरोपही न घेता परतलो.

माझा धाकटा भाऊ लातूरला खासगी शिकवण्या घेतो. त्याला तिथं फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून मी चाचांना बसनं लातूरला नेलं. बिल्डरचा माणूस बोअरचं कौतुक करत होता. पाणी बारा महिने, भरउन्हाळ्यात बी धो धो. चाचा खाली रस्त्यावर उभे राहून वर बघत होते. बघत काय होते, मोजत होते.

"एकोणीस," ते म्हणाले.

"काय एकोणीस?"

"गॅलरीत निळे ड्रम. पाणी बारा महिने हाय, मग लोकायनं एवढे ड्रम कामून आणले? धान्य भरत्येत का त्यात?"

भाऊ त्या माणसाकडं बघायला लागला आणि तो माणूस मोबाईलकडं.

हा संशय घरापुरता असता तर ठीक होतं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला चाचा जळकोटला आले होते. सगळे जेवत होते आणि हे मंगल कार्यालयाच्या छताकडं डोळे लावून. मग उठले आणि एका पंख्याखालची अख्खी पंगत त्यांनी दोन हात बाजूला सरकवली. पाहुणे पानं उचलून कुरकुरत सरकले. संध्याकाळपर्यंत काही पडलं नाही. मी चेष्टेनं म्हटलं, "चाचा, पंखा तर जागेवरच हाय."

"हाव ना," ते गंभीरपणे म्हणाले, "मग बरं झालं का न्हाई सरकवलं?"

तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल. त्याचं ऐकावं तर पाऊल उचलता येत नाही आणि न ऐकावं तर झोप लागत नाही.

आम्हाला स्वतःचं घर घ्यायचं होतं तेव्हा मला याचा खरा अनुभव आला. चौदा महिन्यांत आम्ही अकरा घरं बघितली. अकराही चाचांनी नापास केली. कुठं जिना बाहेरून चिकटवलेला, कुठं पिंपळाचं मूळ पायात शिरलेलं, कुठं शेजाऱ्याच्या वाटेचं भांडण. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. पण अकराव्या घरानंतर माझी बायको, सुनंदा, घरी आल्यावर पिशवी आपटून म्हणाली, "हे म्हातारं आपल्याला घर घेऊच देणार न्हाई. दोन वेळा डबा जातो आपल्याकडून. आपण गेल्यावर त्याला कोण हाय?"

मी तिला गप्प केलं. पण तिचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

त्याच आठवड्यात एका दलालानं मला रस्त्यात थांबवलं. "गुरुजी, तुमचे चाचा घरं कामून नापास करतेत, मालूम हाय का? तुम्ही न्हाई म्हणलं की भाव उतरतो. मग दुसरी पार्टी घेती. चाचा त्यायच्याकडून खातेत." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. निदान असं स्वतःला सांगितलं. मग दोनच दिवसांनी मी चाचांना त्याच दलालाच्या दुकानात बसलेलं पाहिलं. संध्याकाळी विचारलं, "चाचा, आज कुठं गेलते?"

"इथंच होतो."

इथंच. मी पुढं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं, ते भिंतीकडं बघत तसं बघायला लागलो.

बारावं घर एका काकूंचं होतं. निवृत्त अंगणवाडी सेविका, पासष्टीच्या. नवरा गेलेला, मुलगी लातूरला. तिच्याकडं कायमचं जायचं म्हणून घर विकत होत्या. साधं तीन खोल्यांचं घर, मागं लिंबाचं झाड. घर जुनं होतं आणि जुनंच दिसत होतं. बाहेरच्या खोलीचा रंग उडालेला, स्वयंपाकघर धुरकटलेलं. चाचांनी तळवे टेकले, नळ सोडले, पाणी ओतलं. काही बोलले नाहीत. मला आशा वाटू लागली.

मग मी, सुनंदा आणि चाचा आतल्या खोलीत गेलो. त्या खोलीची एकच भिंत रंगवलेली होती. फिकट हिरवी, कोरी. बाकीच्या तीन भिंती जुन्या.

चाचा थांबले. भिंतीपासून बोटभर अंतरावर नाक नेऊन त्यांनी ब्रशच्या खुणा बघितल्या. मला बाजूला ओढून हळूच म्हणाले, "हा पेंटरचा हात न्हाई. घरच्या माणसानं लावला. प्रायमर न्हाई, काही न्हाई. घाईत झाकलंय." मग वर बघितलं. भिंतीच्या वरच्या बाजूला, छताजवळ, एक जाड लोखंडी कडी ठोकलेली होती.

"बाई, एकच भिंत रंगवली. कामून?"

"असंच," काकू म्हणाल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"ओल हाय का?"

"न्हाई."

"तडा?"

"न्हाई म्हणलं ना."

"मग ही कडी?"

काकूंनी कडीकडं बघितलंच नाही. मला वाटलं, धरली. चाचांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी खिशातून पुट्टी भरायची लोखंडी पत्ती काढली. ती ते कायम बाळगत. कुणाला विचारलं नाही. खाटेच्या उंचीला, जिथं रंगाचा थर जाड दिसत होता, तिथं त्यांनी पत्ती टेकवली आणि खरवडायला लागले.

हिरवा पापुद्रा सरसर निघाला. खाली ओल नव्हती. तडाही नव्हता. खाली एक काळपट, तेलकट डाग होता. चाचांनी अजून खरवडलं. डाग वरच्या बाजूला गोल होता, डोकं टेकून टेकून पडतो तसा. त्याच्या पुढं दुसरा, लांबट, गुळगुळीत झालेला. त्याला बोटं होती. म्हणजे बोटांच्या जागा होत्या, पाच, एकीवर एक, हजार वेळा घासून पसरलेल्या.

चाचांचा हात थांबला.

"पॅरालिसिस झाला होता त्यायला," काकू मागून म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "उजवी बाजू गेली. डाव्या हातानं भिंत धरून उठायला बघायचे. रोज. तीन वर्षं. कडीला मी लुगडं बांधलं होतं, धरायला. इथंच गेले. घर बघायला येणारे इचारतेत, घरात कोण वारलं का. दोन गिऱ्हाईकं तेवढ्यावर परत गेली. म्हणून लावला रंग. रंगवायला माणूस बोलवावा तर तो बी इचारंल. म्हणून मीच लावला."

मी सुनंदाकडं बघितलं, ती जमिनीकडं बघत होती. चाचांनी पत्ती खिशात ठेवली. खाली पडलेला हिरवा चुरा ते हातांनी गोळा करायला लागले. फरशीवर बसून, रुमालात, कण न् कण. काकू म्हणाल्या, "राहू द्या, झाडू हाय घरात." तरी ते गोळा करत राहिले. उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, बाई."

परतताना मी विचारलं, "घर कसं हाय?" ते म्हणाले, "सांगतो." आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी डबा द्यायला गेलो तर खोलीला कुलूप. इस्त्रीवाल्यानं सांगितलं, चाचा त्या लिंबाच्या घराकडं गेले. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता मला राग यायला लागला. सुनंदानं घर मनात पक्कं केलं होतं. तिथं कोणी वारलं याचं तिला काही नव्हतं; "गावाकडच्या ज्या खोलीत तुमचे आजोबा गेले, तिथंच आपण पोरं घेऊन झोपतो की," असं ती म्हणाली. मग चाचा गप्प का? दलालाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. परभणीच्या जावयाला नांदेडला यायचं आहे असं चाचाच कधीतरी म्हणाले होते. बाईला एकटीला गाठून हे आपल्याच जावयासाठी घर पक्कं करत असणार. शाळा सुटल्यावर मी सायकल थेट तिकडं वळवली. खोटं कशाला बोलू, पकडायलाच गेलो होतो. समोरून न जाता लिंबाच्या बाजूनं, मागच्या खिडकीपाशी गेलो.

चाचा ती भिंत रंगवत होते.

खरवडलेली जागा त्यांनी घासून, भरून घेतली होती. शेजारी चार वाट्यांत चार प्रकारचा हिरवा कालवलेला. काकूंच्या हातच्या रंगाशी जुळेल असाच रंग त्यांना हवा होता, म्हणून तीन दिवस लागले होते. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. चाचा भिंतीकडं तोंड करून, ब्रश चालवत बोलत होते.

"इकायच्या घराला ब्रश लावायचा न्हाई अशी कसम खाल्ली होती, बाई. आज मोडली."

"कामून खाल्लती?"

"एक मालक आला होता माझ्याकडं. घर इकायचं हाय म्हणला, छताला तडे हायत, दिसू देऊ नको. तडे सळईच्या रेषेत होते. मला कळलं, आत सळई गंजून फुगली. तरी पुट्टी भरली, कापडाची पट्टी मारली, वरून रंगाचे दोन हात दिले. लई सफाईनं दिले. मालक खूश. सालभरानं त्याच घरातून परत बोलावणं. नवे मालक. स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा पडला म्हणले, तेवढं प्लास्टर करून घेतलं, आता रंग द्या. मी गेलो. घरातली बाई शिलाईकाम करायची. हात गळ्यात बांधलेला. खांद्यावर पडला होता तो तुकडा. दुसऱ्या हातानं तिनं मला पाणी दिलं." ब्रश थांबला. "मी पिलो."

"अन् सांगितलं न्हाई?"

"न्हाई. आठ वर्षं झाली. त्या छताला अजून चार जागा हायत, मी झाकलेल्या. ते लोक त्याच्याखाली राहून राहिले."

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. मला वाटलं, त्या आता त्यांची समजूत काढतील. तसं काही झालं नाही.

"मला कामून सांगता?" त्या म्हणाल्या. "माझं काय मोडलं? एक भिंत खरवडली ती तुम्ही परत केली. जिचा हात मोडला तिला जाऊन सांगा. अन् आजच जा. छत काय तुमची वाट बघणार हाय?"

मी खिडकीपासून मागं सरलो तर सायकल लिंबाला धडकली आणि घंटी वाजली. चाचांनी वळून बघितलं. मी तिथं का आलो होतो ते त्यांना लगेच कळलं असावं. संशय ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण ते चिडले नाहीत. "गुरुजी, त्या दलालाच्या दुकानात मी त्या घराचाच पत्ता काढायला गेलतो," ते म्हणाले. "ते घर अजून त्यायच्याकडंच हाय का, का इकून गेले, ते बघायला. हाय म्हणून कळलं, पण त्यायच्या दारात जायचं धाडस झालं न्हाई. आता तुम्ही चला संगं."

मला मान वर करता येईना. पण गेलो.

शिलाईवाल्या बाईंचं नाव रेखाताई. नवरा औषधाच्या दुकानात कामाला होता, घरी नव्हता. समोरच्या खोलीत मशीन मांडलेलं, गळ्यात मोजपट्टी, बाजूला ब्लाऊजांचा ढीग. चाचा आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, मगाशी सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. रेखाताई मशीनवरून उठल्या नाहीत. ऐकता ऐकता त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"तुकडा पडायच्या आधी माहीत होतं?"

"हाव."

"अन् मी पाणी दिलं ते पिऊन गेलते तुम्ही."

"हाव."

मी मनात म्हटलं, आता ही बाई ओरडेल, शेजारी गोळा होतील. तिनं मात्र कापडावर खुणा करायचा निळा खडू आणि लाकडी मीटरपट्टी उचलली आणि चाचांच्या पुढं धरली.

"आत या. अजून कुठं कुठं हाय ते दाखवा."

मी स्टूल धरलं. चाचा वर चढले. पट्टीच्या टोकानं ते छत ठोकत चालले. टक, टक, टक आणि मग एकाएकी ढब्ब. पोकळ. तिथं निळी फुली. पहिली स्वयंपाकघरात, दुसरी आतल्या खोलीत जिथं रेखाताईंच्या मुली झोपत त्या अंथरुणाच्या जागेवर, तिसरी बाहेरच्या सज्ज्याखाली. चौथ्या फुलीसाठी स्टूल मशीनला खेटून लावावं लागलं. चाचांनी ठोकलं, आणि पुट्टीचा बारीक भुगा खाली शिवत असलेल्या ब्लाऊजवर पडला.

रेखाताईंनी वर बघितलं. आठ वर्षं त्या तिथंच बसत होत्या. त्यांनी ब्लाऊज झटकला, घडी केली आणि मशीन ओढायला लागल्या. डाव्या हातानं आणि कमरेच्या जोरानं. उजवा हात कोपरापर्यंतच उठत होता. मी पुढं झालो, मला त्यांनी ओढू दिलं. चाचा स्टुलावरून उतरून हात लावायला आले तर म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका."

चाचांनी पट्टी आणि खडू स्टुलावर ठेवले.

"आता जा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांचा नवरा आमच्या गल्लीत आला आणि चाचांच्या दारात उभा राहून तासभर बोलला. जे बोलायचं ते सगळं बोलला. चाचा मान खाली घालून उभे होते. गल्लीतल्या कुणी मध्ये पडायला बघितलं तर चाचाच म्हणाले, "बोलू द्या त्यायला. बराबर बोलून राहिले ते." शेवटी नवऱ्याचा आवाज बसला. मग चाचांनी त्याला एका गवंड्याचं नाव सांगितलं, हाच घ्या, दुसरा घेऊ नका, म्हणून.

ते काम तीन आठवडे चाललं. जुनं सगळं पाडलं, गंजलेल्या सळया घासून नव्या जोडल्या. चाचांना त्या घरात यायला मनाई होती. ते रोज समोरच्या टपरीवर जाऊन बसायचे आणि गवंडी माल कसा कालवतो ते लांबून बघायचे. स्वतःच सुचवलेल्या गवंड्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. एकदा वाळूच्या पाट्या मोजून रस्त्याच्या पलीकडून ओरडले, "सिमेंट कमी घालून राहिला तू!" गवंडी शिव्या देत अजून अर्धं पोतं घेऊन आला. रेखाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी चाचांकडं बघितलं नाही. पण गवंड्याला म्हणाल्या, "ऐकलं का काय म्हणले ते?"

आम्ही काकूंचं घर घेतलं. सह्या झाल्या त्या दिवशी मी चाचांना विचारलं, "आता तरी सांगा, घर कसं हाय?" ते म्हणाले, "मोरीचा पाईप दोन वर्षांत बदलावा लागंल." यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी कुठल्याच घराचं केलेलं मी ऐकलं नव्हतं. गल्ली सुटली तरी डबा सुटला नाही. माझ्या सायकलीवरून तो जातच राहिला.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चाचा गेले. सकाळी नमाजाला उठले, हातपाय धुऊन, वजू करून बसले आणि बसल्या जागीच गेले. दोन्ही मुली आल्या. सगळं झाल्यावर परभणीची लेक खोली रिकामी करायला थांबली, तेव्हा मी मदतीला गेलो. सामान थोडंच होतं. ट्रंक, दोन भांडी, पलंग. आम्ही ट्रंक बाहेर काढत होतो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. रेखाताई उतरल्या. सोबत एक तिशीतला तरुण होता.

चाचांच्या दारात आयुष्यात पहिल्यांदाच त्या आल्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "गुरुजी, चाचा हायत का? हा माझा धाकटा भाऊ. घर घेऊन राहिला. सगळं पक्कं करून बसलाय. मी म्हणलं, एक माणूस बघून जाऊ दे, मग सही कर."

चाचांची लेक ट्रंकेवर हात ठेवून उभी होती. मी सांगितलं.

"कधी?"

"आज बारावा दिवस."

रेखाताईंनी उघड्या खोलीत नजर टाकली. मग दारातल्या ओट्यावर बसल्या, पदर सावरून, नातेवाइकाच्या घरी बसावं तशा. चाचांच्या लेकीला त्यांनी हातानंच जवळ बोलावलं आणि शेजारी बसवून घेतलं.

भावाचा फोन वाजला. तो जरा वेळ चुळबुळला आणि वाकून हळूच म्हणाला, "ताई, तो दलाल तिथं उन्हात उभा हाय."

"उभा राहू दे," त्या म्हणाल्या.